खोलीतली दुसरी मुलगी

वसतिगृह
९ सप्टेंबर

लाडक्या मावशी,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर टाइप केलेलं तू वाचत नाहीस, तेव्हा घे, लिहिलं बाई पत्र! आईला म्हटलं, मावशीला लिहिते आहे, तर म्हणाली, "शुद्धलेखन तपास, नाहीतर लाल शाई लावून परत येईल."

आले एकदाची मेडिकलला. खोलीत दोन खाटा, दोन टेबलं आणि एक खिडकी. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, म्हणजे मन विचलित व्हायची सोयच नाही. खोलीतल्या दुसऱ्या मुलीला सगळे 'टॉपर' म्हणतात, कारण प्रवेशपरीक्षेत ती आमच्या अख्ख्या तुकडीच्या वर होती. मला वाटलं, नाकावर चष्मा आणि तोंडाला कुलूप असेल. कसलं काय! आम्हाला अभ्यासाला हाडांची पेटी मिळाली, खरी हाडं, खाटेखाली ठेवायची. तिनं त्यातली कवटी काढून खिडकीत मांडली, तिला माझी लोकरीची टोपी घातली आणि म्हणाली, "ही आपली तिसरी पार्टनर. घोरत नाही, एवढं तरी बरं."

डिसेक्शन हॉलचं तुला काय सांगू? टेबलावर मृतदेह, भोवती आम्ही, आणि औषधाचा असा वास की डोळ्यांतून पाणी येतं. त्यामुळे कोण खरंच रडतंय ते कळत नाही. पहिल्या दिवशी मला जेवण गेलं नाही. टॉपरनं माझा पाव माझ्या हातात कोंबला. म्हणाली, "खा गं, तो उठून मागणार नाहीये."

एक गंमत. इथे आम्हाला नावं नाहीत. सर, मॅडम मान खाली घालून नंबर वाचत जातात, आपण "येस" म्हणायचं. कोण म्हणालं ते कुणी बघत नाही. एवढ्या गर्दीत बघणार तरी कोण?

पोथी एवढी मोठी आहे मावशी, की पान उलटेपर्यंत आधीचं पान विसरायला होतं. पण सगळ्यांचंच असं आहे म्हणतात.

तुझी
ठकू


घरून
१७ सप्टेंबर

डॉक्टरीणबाई ठकूताई,

आशीर्वाद. लाल शाई वाळून गेली आहे, म्हणून वाचलीस. 'विचलित' मात्र बरोबर लिहिलंस, त्याबद्दल शाबासकी.

तुझ्या टॉपरला मी पाहिलेलं नाही, पण आवडली. अशी एक मुलगी प्रत्येक वसतिगृहात असते आणि तिच्यामुळे बाकीच्या तरतात. मी ज्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले तिथेच पुढे शिकवायला लागले, हे तू आईकडून शंभरदा ऐकलंयस. रविवारी दुपारी मुली घरी पत्रं लिहीत. सगळ्या खाली मान घालून लिहायला लागल्या, की वर्गात पाऊलही वाजवू नये असं वाटायचं. शाई, धुतलेल्या रिबिनींचे गठ्ठे, आणि मेणाचा वास असलेली फरशी. ती पत्रं पाकिटात जाण्याआधी मोठ्या सिस्टर वाचत. त्यांची नजर अधू झाल्यावर ते काम माझ्याकडे आलं. आज कुणी ऐकलं तर नाक मुरडेल, पण तेव्हा ती रीतच होती.

सिस्टरनी मला एकच गोष्ट शिकवली. मुली आपल्या दुःखाला स्वतःचं नाव देत नाहीत, मैत्रिणीचं देतात. 'माझ्या मैत्रिणीला इथे करमत नाही', 'मैत्रिणीला अन्न गोड लागत नाही' असं दिसलं, की मी लिहिणारीला जवळ बोलवायची, डोक्यावर हात ठेवायची, आणि ती भडाभडा रडायची. इतकी वर्षं वाचली गं, एकदाही चुकले नाही.

तेव्हा सांभाळून लिहीत जा! मावशीची नजर अजून शाबूत आहे, कान गेले म्हणून काय झालं?

जेवत जा. टोपी कवटीची काढून आपल्या डोक्यावर घाल.

तुझी
मावशी


वसतिगृह
२२ ऑक्टोबर

मावशी,

पत्राला उशीर झाला. रागावू नकोस. पहिली परीक्षा झाली. मी काठावर पास झाले आणि काठावर बसून रडले. पण लिहायचं आहे ते वेगळंच.

टॉपर नापास झाली. आयुष्यात पहिल्यांदा. यादी बघून ती हसली. "चला, मी पण माणूस आहे," म्हणाली. आम्ही पण हसलो. सरांनी सगळ्यांसमोर तिला उभं केलं. "तुम्ही त्या पहिल्या आलेल्या ना? पेपर कुणी लिहून दिला होता तेव्हा?" वर्ग खदखदून हसला. मावशी, मीसुद्धा थोडं हसले. सरांकडे बघून हसावंच लागतं.

त्यानंतर ती खाटेवरून उठेना. आधी म्हणाली पोट दुखतंय. मग काहीच म्हणेना. भिंतीकडे तोंड करून पडते. मी मेसमधून ताट आणून ठेवते, संध्याकाळी पाव वाळून खडखडीत झालेला असतो. तिच्या वडिलांचा शिवणकामाचा धंदा आहे. तिचा पांढरा ॲप्रन त्यांनी स्वतः शिवलाय, खिशावर 'डॉक्टर' असं भरतकाम करून. इथे सगळे त्यावरून चिडवायचे. तो ॲप्रन दारामागे लटकतोय.

हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत. म्हणून तिच्या नंबरला मीच "येस" म्हणते, जरा नाकातून, आवाज बदलून. इथे सगळेच एकमेकांसाठी करतात, 'प्रॉक्सी' म्हणतात त्याला. जी प्रॉक्सी देत नाही तिला कुणी मैत्रीण म्हणत नाही.

सगळ्या वर्गावर गेल्या की इथला कॉरिडॉर कसा होतो, तुला सांगू? कुठेतरी बादलीत नळ ठिबकत असतो, तेवढाच आवाज. झाडणाऱ्या बाई दारापाशी येतात, थांबतात, आणि पुढे जातात. छताला एक डाग आहे. तो रोज थोडा मोठा होतो असं वाटतं.

तिनं मला शपथ घातली आहे, कुणाला सांगायचं नाही. मी तुला सांगितलं, कारण तू 'कुणी' नाहीस.

ठकू


घरून
२९ ऑक्टोबर

माझ्या सोन्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग चहा करून पुन्हा वाचलं.

मी काही विचारीन, रागावायचं नाही. तू जेवतेस का? वजन किती उतरलंय? रविवारी आईशी फोनवर बोलतेस, ती म्हणते, "मजेत आहे पोर, हसत होती." हसत होतीस, ते मला मुळीच आवडलं नाही.

आणि एक. सगळ्या वर्गावर गेल्यावर नळ ठिबकतो, बाई दारापाशी थांबतात, छताचा डाग वाढतो. त्या वेळी तू वर्गात असतेस ना गं? मग हे तुला कसं ठाऊक?

हसण्याची, नापास होण्याची, पडून राहण्याची कुणाला लाज वाटू नये. मला तर नाहीच वाटणार. मैत्रिणीचं नाव घेऊन सांगितलंस तरी चालेल, पण आता मावशीला मिठी मारून खरं सांगून टाक.

तुझीच
मावशी


वसतिगृह
४ नोव्हेंबर

मावशी, ती मी नाहीये!

मला नळ कसा कळला म्हणून तुला आश्चर्य वाटतं? टॉपरनं सांगितलं. ती दिवसातून एक-दोन वाक्यं बोलते, त्यातली ती. छताचा डाग तिनंच मला दाखवला. मी थकते, रडते, पाठांतर होत नाही, हे सगळं खरं आहे. पण मी उठते, आंघोळ करते, ताटातलं संपवते. खोलीत खरंच दुसरी मुलगी आहे. मी काय, तुझ्या कॉन्व्हेंटमधली रिबीनवाली आहे का?

चिडले, सॉरी. पण मला तुझं उत्तर हवंय, आणि ते याच गोष्टीचं हवंय. काल ती म्हणाली, "मी नसले तर ही खोली तुला पुरेल. दोन्ही टेबलं वापर." मी म्हटलं, "नसायला कुठे चाललीस?" तर हसली. मला भीती वाटली. फिजिऑलॉजीच्या मॅडम चांगल्या आहेत, त्यांना सांगावं असं मनात येतं. पण सांगितलं तर प्रॉक्सीचं बाहेर येईल, घरी कळेल, वडिलांना बोलावतील. ती म्हणते, "तू बोललीस तर मी तुझं तोंड बघणार नाही." शपथ मोडू का? हो किंवा नाही, एवढंच लिही. तू सांगशील तसं मी करीन.

ता. क. पत्र टाकायचं राहिलं म्हणून बरं झालं. आज ती उठली! आपण होऊन केस धुतले. जिराफला हाडांची पेटी देऊन टाकली. (जिराफ म्हणजे पलीकडच्या खोलीतली उंच मुलगी. तिला पेटी मिळाली नव्हती, उसनी मागत फिरायची.) मला तिचा निळा स्वेटर दिला, म्हणाली, "मला आता थंडी वाजत नाही." मेसमध्ये आमच्याबरोबर बसली, वॉर्डनबाईंची नक्कल केली. सगळ्या हसून हसून लोळल्या. सुटलं बहुतेक एकदाचं. तरी तू उत्तर लिहीच.

ठकू


घरून
१० नोव्हेंबर

ठकू बाळ,

मी तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती शनिवारी तुला न्यायला येते आहे. कॉलेजमध्ये 'ताप आला' म्हणून सांगेल, तू काही बोलू नकोस.

रागावशील. रागाव. माझ्या वर्गातल्या मुलीही आधी रागवायच्या. 'ती मी नाही' हे तर प्रत्येकीचं पहिलं वाक्य असायचं. ता. क. वाचून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, तू उठलीस, केस धुतलेस, चार जणींत हसलीस. आता घरी ये, उन्हात बस, आईच्या हातचं खा. शपथा, नंबर, मॅडम यांचं मग बघू. जिवापेक्षा काही मोठं नाही.

वाट बघते.

मावशी


वसतिगृह
२३ नोव्हेंबर

मावशी,

आई मला घेऊन गेली. मी खूप ओरडले. ती एकच म्हणाली, "मावशीला कळतं." घरी मला डॉक्टरकडे नेलं, झोपेचं औषध दिलं, दर तासाला काहीतरी खाऊ घातलं. फोन काढून घेतला, कारण मला विश्रांती हवी होती.

निघताना मी जिराफला दोन गोष्टी सांगून गेले होते. टॉपरला ताट नेऊन दे, आणि तिच्या नंबरला "येस" म्हण. जिराफ शब्दाची पक्की आहे. तिनं दोन्ही केलं. दार आतून बंद असायचं, म्हणून ताट दाराशी ठेवायची आणि वर्गावर जायची. मंगळवारी संध्याकाळी ताट तसंच दिसलं, आदल्या दिवशीचंही तसंच होतं. तेव्हा तिनं वॉर्डनबाईंना बोलावलं आणि दार फोडलं.

डॉक्टर म्हणाले, सोमवारी पहाटेच गेली असणार.

सोमवारी तिची हजेरी लागली आहे. मंगळवारीही लागली आहे.

तिचे वडील आले होते. अगदी छोटे आहेत गं ते. आमच्या डीनसाहेबांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि सांगितलं, की मुलगी वर्गावर येत होती, कॉलेजला काही कल्पना नव्हती. हजेरी दाखवली. ते त्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "साहेब, मंगळवारी हजर आहे की ही. मग तुम्ही म्हणता ते सोमवारी कसं? काहीतरी घोटाळा झालाय तुमचा. दुसरी कुणाची तरी मुलगी असेल." कितीतरी वेळ ते सोडेचनात. साहेबांना समजावता येईना. मी पुढे होऊन सांगितलं, की काका, ती हजेरी खोटी आहे. गेल्या महिन्यापासूनची सगळीच खोटी आहे. मी देत होते.

त्यांनी मला "तुझं जेवण झालं का?" एवढं विचारलं. तिच्या पत्रात माझ्याबद्दल असायचं म्हणे.

मी तुला एक प्रश्न विचारला होता.

ठकू


घरून
३० नोव्हेंबर

ठकू,

कशी सुरुवात करू कळत नाही.

प्रश्न विचारला होतास. हो किंवा नाही एवढंच लिहायचं होतं. मी उत्तर दिलं नाही, कारण मला प्रश्न दिसलाच नाही. तू सरळ लिहीत होतीस आणि मी वाकडं वाचत होते. अति शहाणी, तिचा बैल रिकामा, असं तुझी आजी म्हणायची, ते मला उद्देशूनच असावं. तू एका मुलीसाठी हाक मारलीस आणि मी तिच्याजवळून तुलाच उचलून नेलं.

आई फोनवर रडते. म्हणते, "ताई, आपल्यामुळे झालं का?" मी तिला नाही म्हणाले. स्वतःला नाही म्हणता येत नाही.

तुझ्याबद्दल मात्र एक लिहिते. तू खोटं बोललीस ते प्रेमापोटी. तुझ्याएवढ्या पोरीनं ताट आणलं, नंबर सांभाळला, भीती वाटली तेव्हा मोठ्या माणसाला विचारलं. मोठं माणूस नापास झालं, तू नाही.

मी येऊ का? की माझं तोंड बघवणार नाही? जे असेल ते लिही. मी जसं लिहिशील तसं वाचीन.

मावशी


वसतिगृह
१६ डिसेंबर

प्रिय मावशी,

पत्र मिळालं. माझा तुझ्यावर राग नाही. येण्याची गरज नाही, पुढच्या परीक्षा तोंडावर आहेत. चौकशी समितीनं मला आणि जिराफला ताकीद देऊन सोडलं. आता वर्गात हजेरी घेताना काही दिवस मान वर करून बघतात.

मला खोलीत एकटीलाच ठेवलं आहे. शांत असतं, अभ्यास होतो. दोन्ही टेबलं वापरते. जेवण वेळेवर. तब्येत चांगली. थंडी बेताची आहे.

आईला सांग, काळजी नसावी. तू पण करू नकोस.

तुझी
ठकू


घरून
२४ डिसेंबर

चि. ठकूस,

तुझं नीटनेटकं पत्र पोचलं. खाडाखोड नाही, एक चूक नाही. 'तब्येत चांगली' असं लिहिलंस, ते मी तसंच वाचलं. ओळींच्या मधलं वाचायची माझी खोड मोडली. बजावलं मी मनाला, पोरीनं सांगितलंय ना, मग विश्वास ठेवायला शीक.

परीक्षा झाली की ये. घाई नाही. खोकल्याचं औषध आणि पायमोजे पाठवते आहे.

मावशी


वसतिगृह
११ जानेवारी

मावशींना नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी जिराफ. तुमचा पत्ता तिच्या टेबलावरच्या पाकिटावरून घेतला. चोरून घेतला म्हणा हवं तर.

हे पत्र आणून देणारे माझे काका आहेत. ते मालाची गाडी चालवतात आणि तुमच्या रस्त्यानं परत इकडेच येणार आहेत. टपालानं टाकलं असतं तर तुम्ही वाचेपर्यंत आठवडा गेला असता. त्यांच्या गाडीत पुढे बसायला जागा आहे. ते तंबाखू खातात, पण माणूस चांगला आहे.

तुमच्या भाचीनं परीक्षा दिलीच नाही. सुट्टीवरून आम्ही परत आलो तेव्हापासून ती उठत नाही. खरं तर सुट्टीत ती घरी गेलीच नव्हती. घरी सांगितलं, जादा वर्ग आहेत. तुम्ही पाठवलेले पायमोजे तसेच पाकिटात आहेत. तिनं मला शपथ घातली, की मावशीला कळवायचं नाही, आईला तर नाहीच नाही. म्हणाली, "तू बोललीस तर मी तुझं तोंड बघणार नाही." मी म्हटलं, "नको बघूस. नाहीतरी एवढ्या उंचावर बघून तुझी मान दुखते."

सोमवारी तिच्या नंबरला मी गप्प बसले. मागच्या बाकावरून एक जण "येस" म्हणणार होती, तिच्याकडे मी असं बघितलं, की तिनं तोंड मिटलं. मॅडमनी नंबर पुन्हा वाचला. कुणीच बोललं नाही. मी उभी राहिले आणि म्हणाले, "ती गैरहजर आहे मॅडम. ती आजारी आहे. तुम्ही चला." मॅडम वर्ग सोडून आल्या. त्यांनी तिला इथल्या मनोविकारांच्या डॉक्टरांना दाखवलं. औषध सुरू झालंय. ते म्हणाले, सध्या एकटं ठेवायचं नाही. वॉर्डनबाई तिच्या आईला कळवणार आहेत. कळवतीलही. पण चूक झाली की इथे आधी कागद होतात, मग फोन.

खोलीत तेव्हापासून मी आहे. दाराची कडी काढून टाकली आहे, स्क्रू माझ्या खिशात आहेत. वर्गावर गेलेले नाही. माझ्या नंबरलाही कुणी "येस" म्हणायचं नाही असं बजावलं आहे. मी एकदा नसलेल्या मुलीला हजर केलं आहे, मावशी. तो आवाज माझा होता. तो मला अजून ऐकू येतो.

तिला येऊन काय सांगायचं ते मला कळत नाही, तुम्हालाही कळणार नाही कदाचित. पण ताट दाराशी ठेवून जाणारं माणूस तिला नकोय, आत बसणारं हवंय, एवढं मला कळतं. मी किती दिवस बसू शकेन माहीत नाही. मला झोप येते, आणि कधीकधी मलाही भिंतीकडे तोंड करून पडावंसं वाटतं.

हे लिहिताना तिला कळलंच. ती मला शिव्या देते आहे, उशी फेकून मारली आत्ता. गेल्या कितीतरी दिवसांत तिचा एवढा मोठा आवाज आम्ही ऐकला नव्हता. देऊ दे शिव्या.

काका दाराशी थांबले असतील. चहा नंतर करा. निघा.

जिराफ